दोन बादल्यांचा हिशेब : आमच्या कॉलेजच्या पाण्याच्या नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

प्राचार्य सरांनी आज परवानगी दिली. आवारातल्या पाण्याचा लेखाजोखा आपणच करायचा, बाहेरून कोणाला बोलवायचं नाही. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या कागदांत पाण्याचा रकाना असतोच. मागच्या वेळी तो आम्ही टेबलाशी बसून अंदाजाने भरला होता, आणि भरणाऱ्यांत मीही होते. या वेळी बादली लावून मोजल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही, असं ठरवलंय.

खरं कारण मात्र नॅक नाही. मुलींच्या वसतिगृहात न्हाणीघराच्या दारावर एक पाटी आहे : ‘प्रत्येकी दोन बादल्या. पाणी जपून वापरा.’ गेल्या एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली तेव्हा ती लागली. पाऊस येऊन गेला, दिवाळी झाली, पाटी तशीच आहे. शनिवारी दुपारी बसस्टँडवर आमच्या मुली दिसतात. खांद्याला कॉलेजची बॅग, हातात मळक्या कपड्यांची गच्च पिशवी. कपडे धुवायला एसटीने गावी जातात. स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मुली फार पाणी उधळतात.’ मी रसायनशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय बोलू नका, हे वर्गात रोज सांगते. हे कोणी मोजलं, हा प्रश्न मला वर्षभर टोचतोय.

रासेयोची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, नऊ पोरं सोबत आहेत. पाच मुली, चार मुलं. त्यातला एक बीकॉमचा.

१२ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर पंपवाल्या काकांबरोबर आवार फिरलो. बावीस वर्षं ते इथे मोटर चालवतात. पाइपलाइनचा नकाशा ऑफिसात नाही, तो काकांच्या डोक्यात आहे. ते हात दाखवत चालले आणि पोरांनी वहीत रेघा ओढल्या.

पाणी येतं तीन ठिकाणांहून. कॉलेजची विहीर, ३ एचपीची मोटर. वसतिगृहाची बोअर, दीड एचपीची सबमर्सिबल. आणि ग्रामपंचायतीचा नळ, जो दोन-तीन दिवसांआड अर्धा तास येतो आणि तेवढा कँटीनलाच पुरतो. इमारतीवर सिमेंटची मोठी टाकी : आतून ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २ मीटर खोल. म्हणजे २०,००० लिटर. लांबी-रुंदीचा गुणाकार बरोबर दहा चौरस मीटर येतो, त्यामुळे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की १०० लिटर गेलं. हे मुलांना फार आवडलं. वसतिगृहावर २,००० लिटरच्या दोन काळ्या टाक्या. नळ एकूण ७३. मुलांच्या बंद पडलेल्या जुन्या वसतिगृहाकडे एक लाइन जाते. काका म्हणाले, ‘ते लाइन त कवाचीच बंद हाय, मॅडम.’ वहीत ‘बंद’ असं लिहून पुढे गेलो.

विहीर ११ मीटर खोल. आज पाणी काठापासून ५.२ मीटरवर. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि फुटलेल्या खडकाच्या भेगांत. तो साठा उथळ असतो, पावसाळ्यात भराभर चढतो आणि उपशाने तितक्याच भराभर उतरतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरताना अशा चार वेळा मोजते. आपणही तेच महिने धरायचे.

२० जानेवारी, शनिवार

मोटर किती पाणी फेकते ते मोजलं. २०० लिटरचा ड्रम, मोबाइलचं स्टॉपवॉच. विहिरीची मोटर ड्रम भरते ९५ सेकंदांत. तीनदा मोजलं, दोन सेकंदांच्या वर फरक नाही. म्हणजे तासाला साधारण ७,५८० लिटर. काकांच्या रजिस्टरात रोज सरासरी साडेचार तास : ३४,१०० लिटर. बोअर तोच ड्रम चार मिनिटं दहा सेकंदांत भरते, तासाला २,८८०. रोज दोन तास, म्हणजे ५,७६० लिटर.

रोज प्रत्यक्ष येणारी मुलं ४३० च्या आसपास, कर्मचारी ४६. विहिरीचं पाणी माणशी जवळपास ७२ लिटर पडलं. भारतीय मानक ११७२ मध्ये दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरलेत, तेही संडासाच्या पाण्यासकट. आमच्या मुलांना कँटीनसमोर हात धुवायला नळ धड येत नाही. मग ७२ लिटर जातात कुठे?

बीकॉमच्या पोराने काल रात्री बसून चार पानं आखून आणली. पाण्याची कीर्द. डावीकडे जमा : विहीर, बोअर, नळ. उजवीकडे खर्च : बाग, प्रयोगशाळा, पिण्याचं, संडास-बाथरूम, कँटीन. ‘मॅडम, दोन्ही बाजू जुळेपर्यंत खातं बंद करायचं नाही,’ म्हणाला. यापेक्षा चांगली पद्धत मला सुचली नसती.

५ फेब्रुवारी, सोमवार

दोन आठवडे गळके नळ. ७३ पैकी १४ गळतात. जिथे धार नाही, नुसता थेंब आहे, तिथे लिटरची बाटली लावून वेळ मोजली. ग्रंथालयाच्या मागचा नळ एक लिटर २२ मिनिटांत भरतो. दिवसाचे ६५ लिटर, एका थेंबाच्या नळाचे. चौदाही नळ मिळून ५४० लिटर. बहुतेकांना फक्त वायसर हवं होतं. शनिवारी काकांनी आणि दोन मुलांनी मिळून अकरा नळांचे वायसर बदलले, उरलेल्या तीन नळांच्या तोट्या आटे गेल्यामुळे नव्याच घ्याव्या लागल्या.

वसतिगृहात फ्लशच्या टाक्या तपासल्या. टाकीतून भांड्यात पाणी झिरपत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, आवाजही येत नाही. प्रयोगशाळेतून पोटॅशियम परमँगनेट नेलं, गावात विहिरीत टाकतात तीच लाल पूड. चिमूटभर टाकीत टाकायची, अर्धा तास कोणी फ्लश ओढायचा नाही. दहापैकी तीन भांड्यांत गुलाबी ओघळ उतरले. मुलींनी एकमेकींना हाका मारून दाखवले. त्यातली एक हळूच म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे हे आम्ही नाही ना वापरलं?’ नाही गं बाई, तुम्ही नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वसतिगृहाचं खातं बंद झालं. तपशील लिहून ठेवते, पुढे वाद होणार आहे.

रात्री १० ते पहाटे ५ मोटर बंद ठेवून दोन्ही टाक्यांची पातळी घेतली. तीन रात्रींची सरासरी उतरण १४ सेंटिमीटर. टाक्या गोल आहेत. दोन्ही मिळून सेंटिमीटरला २९ लिटर. सात तासांत ४०६ लिटर, तासाला ५८. रात्री उठणाऱ्या मुलींनी फ्लशऐवजी बाहेरच्या पिंपातलं पाणी वापरायचं असं ठरलं होतं आणि त्यांनी ते पाळलं, म्हणून ही शुद्ध गळती. दिवसाचे १,३९० लिटर. मेसला ६०० लागतात, स्वयंपाकाच्या मावशींनी पिंप मोजून सांगितले. उरले ३,७७०. मुली ६२.

मुलीमागे ६१ लिटर.

आंघोळ, कपडे, संडास, भांडी, केस धुणं, पाळीचे दिवस, सगळं त्या ६१ मध्ये. निवासी संस्थेसाठी मानक १३५ लिटर आहे. आमच्या मुली त्याच्या निम्म्यातही भागवतात, आणि पाटी त्यांच्याच दारावर आहे. यातल्या कितीतरी जणी लहानपणापासून हापशीवरून पाण्याचे गुंड वाहत आल्यात. पाणी कसं जपायचं हे त्यांना आपण शिकवायला निघालो होतो, याची मला फार लाज वाटली. पाळीच्या दिवसांत दोन बादल्यांत कसं करता, असं मी आज पहिल्यांदा विचारलं. एक गप्प राहिली. दुसरी म्हणाली, ‘मैत्रिणीची एक बादली उसनी घेतो, मग तिच्या वेळेला परत देतो.’

अधीक्षक बाईंना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, उन्हाळा तोंडावर आहे, आत्ता पाटी काढली आणि बोअर आटली तर जबाबदारी माझ्यावर. त्यांचंही खोटं नाही. पाणी आधी दुसरीकडून वाचवून दाखवावं लागेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडगेबाबांची जयंती. सकाळी पोरांनी खराटे घेतले आणि इमारतीची मागची बाजू झाडायला काढली. तिथे कोणी जात नाही. उत्तरेच्या भिंतीवर टाकीपासून जमिनीपर्यंत शेवाळाचा हिरवा पट्टा आणि त्यात पिंपळाची दोन रोपं. फेब्रुवारीच्या अखेरीस शेवाळ ओलं! वर चढून पाहिलं तर टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप बरोबर त्या पट्ट्यावर.

काकांना विचारलं. विहिरीची मोटर शेतीच्या फीडरवर आहे. थ्री फेज एका आठवड्यात दिवसा येते, दुसऱ्यात रात्री. रात्रीच्या पाळीत काका काय करणार? शेजारपाजारच्या शेतकऱ्यांसारखं स्टार्टरला ‘ऑटो’ लावलंय. वीज आली की मोटर आपोआप सुरू आणि काका सकाळी सहाला येऊन बंद करणार. रजिस्टरात मात्र नेहमीचे साडेचार तास. ‘रात्री थे किती वाजता सुरू झाली मले काय मालूम, मॅडम? मंग अंदाजानं लिवतो.’ एकट्या माणसाने रात्रंदिवस मोटरपाशी बसावं, अशी अपेक्षा तरी कशी करायची?

इलेक्ट्रिशियनकडून मोटरच्या लाइनवर तास मोजणारा छोटा मीटर बसवून घेतला.

३ मार्च, रविवार

मीटरचा पहिला आठवडा, रात्रीची पाळी. सरासरी सहा तास. म्हणजे ४५,४८० लिटर, रजिस्टरपेक्षा ११,३८० जास्त. हे जास्तीचं सगळं त्या शेवाळावरून गेलं.

त्याहून मोठी गोष्ट काल रात्री कळली. शनिवारी संध्याकाळी टाकी भरली, ऑटो काढला, सगळ्या संडासांना कुलूप, बागेचा कॉक बंद. रात्री ८ ला पातळी घेतली, आज सकाळी ६ ला पुन्हा. ५८ सेंटिमीटर उतरली. कोणी माणूस नाही, कुठे नळ सुरू नाही आणि दहा तासांत ५,८०० लिटर नाहीसे. तासाला ५८०. दिवसाला १३,९००. टाकी रिकामी होत जाते तसा दाब कमी होतो, तेव्हा आकडा थोडा खाली धरावा. तरी दिवसपाळीत उपसलेल्या पाण्याचा पाचातला दोन हिस्सा हाच.

काका खाली मान घालून उभे होते. ‘रात्री टाकी भरून ठेवतो मी, अन् सकाई पाहतो त अर्धी. कोनाले सांगू? लोकं म्हनतील, पोट्ट्यायनं नळ उघडे ठेवले.’ किती वर्षं त्यांना हे माहीत होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

९ मार्च, शनिवार

कँटीनच्या वळणावर पाइपलाइन उकरली. तिथे जमीन ओलसर होती म्हणून. मुलांनी चार तास कुदळ मारली, अडीच फूट खाली पाइप कोरडा ठणठणीत. ओल होती ती कँटीनच्या मोरीची. खड्डा बुजवला. मुलांच्या हाताला फोड आलेत. माझी घाई नडली.

१६ मार्च, शनिवार

सापडली.

बुधवारी काकांनीच दाखवलं. सगळ्या आवारात गवत वाळून पिवळं पडलंय आणि जुन्या वसतिगृहाच्या वाटेवर, कडुनिंबापाशी, खाटेएवढ्या जागेत हरळी हिरवीगार. दुपारी गावातल्या शेळ्या तिथेच येऊन बसतात. वहीत आम्ही ज्या लाइनपुढे ‘बंद’ लिहिलं होतं, तीच ही लाइन.

रात्री साडेदहाला गेलो. काकांनी पहार पाइपवर टेकवली आणि वरच्या टोकाला कान लावला. मीही लावला. कढईत तेल तापताना येतो तसा बारीक, सलग आवाज. पाच पावलं मागे कमी, निंबाजवळ स्पष्ट. आज सकाळी तिथेच उकरलं. दोन इंची जीआय (लोखंडी) पाइप, सॉकेटजवळ निंबाच्या मुळीने उचललेला आणि गंजून करवतीने चिरल्यासारखा फाटलेला. वसतिगृह बंद झालं, तेव्हा तिकडचा गेट व्हॉल्व्ह बंद करायचं ठरलं होतं. व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला, चाक फिरेना, आणि ‘बंद’ हा शब्द तेवढा सगळ्यांच्या तोंडी राहिला.

दुरुस्ती केली नाही. पलीकडे वापर नाही, मग लाइन ठेवायची कशाला? तालुक्याहून प्लंबर आला, मुख्य लाइनपाशी पाइप कापला, आटे पाडले आणि टोपण बसवलं. दीड तासाचं काम. टोपणाला फार पैसे लागत नाहीत, मजुरीच त्याहून जास्त झाली.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, गळलेलं पाणी जमिनीतच मुरत होतं ना, मग वाया कसं? प्रश्न योग्य आहे, त्याचं उत्तर लिहून ठेवते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. बरंचसं पाणी गवत आणि ऊन वरच्या वरच ओढून घेतं. थोडं खाली जात असेलही. पण ते वीज जाळून एकदा वर काढलेलं, टाकीत चढवलेलं पाणी होतं, आणि मार्चमध्ये आम्हाला ते विहिरीत हवं होतं.

पाणीपातळी आज ७ मीटरवर.

२२ मार्च, शुक्रवार

जागतिक जलदिन. सभागृहात पोस्टर स्पर्धा झाली. मी दुपारभर माझ्याच प्रयोगशाळेत होते.

ऊर्ध्वपातन यंत्र तासाला ३ लिटर शुद्ध पाणी देतं. वाफ थंड करायला त्याच्या कवचातून नळाचं पाणी सतत फिरतं आणि सिंकमध्ये जातं. ते मोजलं : तासाला ४८ लिटर. एका लिटरमागे सोळा. गाळणीसाठी नळाला लावायचे चोषण पंप मिनिटाला ७ लिटर पाणी घेतात. चार पंप, पंचवीस मिनिटं : ७०० लिटर. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आमच्या विभागातून हजारेक लिटर स्वच्छ, न वापरलेलं पाणी गटारात जातं. तेरा वर्षं मी त्या सिंकशेजारी उभी राहून शिकवतेय.

उपाय मुलांनी काढला. जुन्या कूलरची पाण्याची मोटर, २०० लिटरचा ड्रम, दोन रबरी नळ्या. ड्रममधलं पाणी यंत्रातून फिरून परत ड्रममध्ये. तीन तासांनी ते इतकं तापलं की शुद्ध पाण्याची धार बारीक झाली. मग दुसरा ड्रम ठेवला, आलटून पालटून चालवतो. कोमट पाण्याने काचसामान छान धुतलं जातं. चोषण पंप आता ज्या प्रयोगात अटळ आहे तिथेच. बाकी सगळीकडे घडीचा गाळणकागद. वेळ थोडा जास्त लागतो.

१८ एप्रिल, गुरुवार

ऊन चढलंय. कूलर सुरू झाले. ग्रंथालयातला मोठा कूलर ११ ते ५ मध्ये ११० लिटर पाणी पितो. आवारात असे सात. एका सदस्याने बैठकीत सुचवलं, कूलर निम्मे करू. मी विरोध केला. परीक्षा सुरू आहेत आणि मुलं खेड्यापाड्यांतून उन्हातान्हाची येतात. वाळ्यातून येणारा तो गार वारा त्यांच्या अंगाला लागतो. जिथे पाणी माणसाच्या उपयोगी पडतं तिथे हात लावायचा नाही. सातांचे मिळून ७७० लिटर, ते खर्ची टाकले.

आरओचं मोजलं. वीस लिटरचा जार भरेपर्यंत नाकारलेल्या पाण्याच्या नळीतून ३८ लिटर जातात. रोज ८५० लिटर पिण्याचं पाणी, १,६०० च्या वर बाहेर. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ६४० मिलिग्रॅम, नाकारलेल्या पाण्यात ९३०. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. त्यामुळे आरओ हवाच का, असा प्रश्न मुलांनी विचारला. आमच्या जिल्ह्याच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड आहे, पांढरकवड्याकडच्या गावांची उदाहरणं मुलांना माहीत आहेत. फ्लोराइड आणि नायट्रेट दोन ऋतूंत तपासून घेतल्याशिवाय मी आरओ बंद करा म्हणणार नाही. तोवर ते १,६०० लिटर एका टाकीत घेऊन फरशी पुसायला आणि संडासाला. झाडांना नको. काळ्या मातीत क्षार साचतात आणि दोन वर्षांनी झाडं बोलू लागतात.

२७ एप्रिल, शनिवार

काल मतदान झालं. आमचे चार वर्ग मतदान केंद्राला होते, कर्मचारी परवापासून मुक्कामी. कीर्दीत दोन दिवस वेगळे धरले. टाकीला पातळीचा सेन्सर बसून आठवडा झाला : टाकी भरली की मोटर बंद, रात्रीची वीज असो वा दिवसाची. शेवाळ वाळून पोपडे सुटू लागलेत.

हिरवळीवर बरीच चर्चा झाली. पाइपने मिनिटाला २५ लिटर, रोज चार तास, ६,००० लिटर. सरांनी शेवटी मान्य केलं की हिरवळ पावसापर्यंत वाळू द्यायची, झाडं तेवढी जगवायची. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कपाशीतून काढलेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या पाठवल्या, दोन गुंडाळ्या. मुलांनी दाभणाने छिद्रं मोकळी केली. आता झाडांना ९०० लिटर लागतात.

१० मे, शुक्रवार

आज अक्षय तृतीया. आमच्याकडे आज पाण्याने भरलेली घागर पुजतात, पितरांच्या नावाने पाणी देतात. फाटकाशी रांजण मांडून पाणपोई सुरू केली, वसतिगृहात उरलेल्या मुलींनी. आजच माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांचा स्मृतिदिन. ते आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही हाक त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. मुलांना ती भिंतीवरच्या अक्षरांपुरती माहीत होती. रांजणाशी उभं राहून त्यांना तेवढं सांगितलं.

२४ मे, शुक्रवार

विहिरीत पाणी ९.१ मीटरवर. म्हणजे अजून जवळपास दोन मीटर पाणी आहे. गेल्या मेमध्ये मोटरच्या पाइपचं विहिरीतलं तोंड, फूटव्हॉल्व्ह, उघडं पडलं होतं, हे काकांना पक्कं आठवतं. पण गेल्या वर्षीची मोजणी आपल्याकडे नाही आणि पाऊसही दर वर्षी सारखा नसतो, म्हणून ‘आमच्यामुळे पाणी टिकलं’ असं अहवालात लिहिणार नाही. एवढं लिहिणार : या उन्हाळ्यात एकही टँकर बोलवावा लागला नाही.

१२ जून, बुधवार

पाऊस. फनेल आणि मोजपात्र लावलं होतं : १८ मिलिमीटर. इमारतीचं छत ६० बाय १४ मीटर, म्हणजे ८४० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. पाचवा हिस्सा उडण्या-सुकण्यात धरला तरी मिलिमीटरमागे ६७२ लिटर. आजचे १२,००० लिटर मुद्दाम सोडून दिले. छतावर कबुतरांची घाण असते, पहिलं पाणी विहिरीत घ्यायचं नसतं.

पुढच्या पावसासाठी गाळणखड्डा तयार आहे. तळाला गोटे, वर गिट्टी, वर रेती, तोंडाला जाळी. तिथून पाइप विहिरीत. वर्षाला नऊशे मिलिमीटर धरला तर सहा लाख लिटर. आज कॉलेज रोज जेवढं उपसतं, त्या हिशेबाने चाळीस दिवसांचं पाणी. चाळीसच, हे मी मुलांना दोनदा सांगितलं. खड्ड्यापेक्षा टोपणाने जास्त वाचवलं.

८ जुलै, सोमवार

बैठक. कीर्द टेबलावर ठेवली आणि बीकॉमच्या मुलालाच वाचायला सांगितलं. विहिरीची मोटर आता रोज दोन तास, १५,००० लिटरच्या थोडं वर. हिवाळ्यात दिवसपाळीला ३४,१०० आणि रात्रपाळीला ४५,४८० होते. वसतिगृहाचे तिन्ही फ्लश दुरुस्त, रात्रीची उतरण जवळजवळ शून्य. बोअरचे वाचलेले १,३९० लिटर समोर होते.

अधीक्षक बाईंनी एकच विचारलं, मार्चमध्ये पुन्हा तंगी आली तर? ठरलं ते असं : विहिरीची पातळी ८ मीटरखाली गेली तर कपात सगळ्या आवारात होईल, आधी बाग, मग कार्यालय, शेवटी वसतिगृह. इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. संध्याकाळी पाटी काकांनी उतरवली. तिचे चार खिळे लाकडात रुतले होते.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा. मुली गावी गेलेल्या, मोजणी नाही. गाळणखड्ड्याची रेती गाळाने भरली होती, वरची वीतभर काढून धुऊन घातली. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली.

२५ सप्टेंबर, बुधवार

विहीर २.३ मीटरवर.

वसतिगृहाची मोजणी पुन्हा केली, तीन दिवस, आधीच्याच पद्धतीने. या वर्षी मुली ६६. बोअर तशीच रोज दोन तास, ५,७६० लिटर. मेसचे ६०० वजा. गळती नाही. मुलीमागे ७८ लिटर. फेब्रुवारीत ६१ होते.

नवीन आलेल्या एका विद्यार्थ्याने वहीत या आकड्यापुढे लाल पेनाने ‘वाढ’ लिहून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी त्याला गच्चीवर नेलं. आज बुधवार. तिन्ही दोऱ्यांवर कपडे वाळत होते, ओढण्या, चादरी, सगळं. लाल खूण खोडून त्याच्याच हाताने पुढे लिहायला लावलं : ‘तपासलं. बरोबर आहे.’